गोजरबाईचा वाफसा

बोरखडीत पेरणी पंचांगावर होत नाही, मोबाईलवर होत नाही, आणि कृषी सहायकाच्या सांगण्यावरून तर मुळीच होत नाही. बोरखडीत पेरणी गोजरबाईच्या टाचेवर होते. खर्ड्यापासून सात किलोमीटरवरची ही वाडी, साठ-सत्तर उंबरा, सगळी काळी भारी जमीन. असल्या जमिनीत पाऊस पडल्यावर लगेच पाय घालायची सोय नाही. घातला तर दोन किलो चिखल चपलेसकट घरी येतो. बरं, थांबावं म्हटलं तर आठ दिवसांत तिला अशा भेगा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत गेलं तर सापडू नये. या दोहोंच्या मध्ये एक दिवस असतो, फार तर दीड. माती ओली असते पण चिकटत नाही, आत हवा खेळते, बाहेर वाफ निघते, ढेकूळ हातात घेतलं की भुसभुशीत फुटतं. त्याला वाफसा म्हणतात. वाफशावर पेरलं तर ज्वारी येते. नाहीतर बी मुंग्यांना वाटल्यासारखं आहे.

तो दिवस कोणता, हे गोजरबाई सांगायची. चपला बांधावर काढून वावरात वीस पावलं चालायची, उजवी टाच दाबून गोल फिरवायची आणि म्हणायची, "न्हाई." किंवा म्हणायची, "उद्या सकाळी." यापेक्षा जास्त बोलायची तिला सवय नव्हती. कानिफनाथ, तिच्या भावकीतला पुतण्या, एका वर्षी तिचं न ऐकता आदल्याच दिवशी पेरून बसला. त्या साली त्याच्या वावरात उगवलेली ताटं मोजायला हातापायाची बोटं पुरली. तेव्हापासून काकूनं 'न्हाई' म्हटलं की कानिफनाथ तिफणीला हात लावत नसे, आणि दुसऱ्यालाही लावू देत नसे.

अडचण एवढीच होती की गेली दोन वर्षं गोजरबाईच्या टाचेला काही कळत नव्हतं.

जामखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुगर आहे, पायाची जाणीव गेली आहे, अनवाणी चालायचं नाही. गोजरबाईनं गोळ्या घेतल्या आणि तोंडाला कुलूप घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त सुनेला, मोनिकाला, कळलं. तेही कसं, तर म्हातारीच्या तळपायात मोडलेला बाभळीचा काटा निघाला, तीन दिवसांचा जुना, भोवती पू धरलेला. "आत्या, हे कवाचं?" मोनिकानं विचारलं. "काय कवाचं?" गोजरबाई म्हणाली. मोनिकानं काटा काढला, हळद भरली आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मोबाईलची बॅटरी लावून ती सासूचे तळपाय तपासायची, आणि सासू "माझी पायं हाईत का कुनाची तिजोरी" म्हणून करवादायची.

पहिल्या वर्षी रब्बीला गोजरबाईनं टाच फिरवली, काहीच कळलं नाही, आणि तिनं डोळे मिटून "उद्या सकाळी" म्हणून टाकलं. ज्वारी उगवली. वाडीनं तिला साडी घेतली. गोजरबाईला मात्र ती साडी नेसवेना.  अख्ख्या वाडीची भाकरी आपण अंदाजपंचे सांगितली, हे तिला आतून खात होतं, आणि पुढच्या वर्षाची भीती तर त्याहून वाईट होती.

त्यातच मार्चमध्ये पुण्याच्या एका संस्थेची जीप आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. जीपमधून स्नेहल नावाची तिशीची बाई उतरली, डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक. जमीन आणि हवा एकमेकींशी काय देणंघेणं करतात, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिला अशी काळी जमीन हवी होती, आणि गोजरबाईच्या वावराच्या कडेला तसा एक तुकडा मोकळा होता. तिथं तिनं पुरुषभर उंचीच्या दुप्पट खांब उभा केला. खाली मातीत सळ्या पुरल्या, वर हवेची यंत्रं टांगली, सोलरची पाटी बसवली, भोवतीनं तार ओढली. खांबाच्या कमरेला एक पेटी, पेटीला काच, आणि काचेत दोन आकडे. खालचा आकडा मातीतल्या ओलीचा. वरचा हवेच्या उष्णतेचा.

"आजी, ओल्या जमिनीवर ऊन पडलं की त्याची ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते," स्नेहलनं समजावलं. "म्हणून हवा फार तापत नाही. जमीन कोरडी झाली की वाफ करायला पाणीच उरत नाही, मग सगळं ऊन हवा तापवायला मोकळं. आणि तापलेली हवा उरलीसुरली ओलही ओढून घेते."

"म्हंजी माठावानी," गोजरबाई म्हणाली. "झिरपतोय तवर गार."

स्नेहलनं ते वहीत लिहून घेतलं.

"अन् ती वाफ जाती कुठं?"

"वर जाते. तिचे ढग होतात. वारा नेईल तिकडे. इथून बहुतेक भूम-परांड्याकडे."

"आमची वाफ परांड्याला कशापायी?"

 संध्याकाळपर्यंत हा प्रश्न वाडीभर झाला होता, आणि पीरमहंमद, ज्याच्या ट्रॅक्टरवर निम्मी वाडी पेरते, त्यानं पारावर जाहीर केलं की खांब आल्यापासून परांड्यात पाऊस वाढला आहे. खांब येऊन तेव्हा चार तास झाले होते.

जाताना स्नेहलनं खरं काम सांगितलं. रोज सकाळी आजींनी वावरात पाय टेकवायचा आणि तिला फोनवर तीनपैकी एक शब्द सांगायचा: चिखल, वाफसा, नाहीतर कोरडं. "यंत्र चुकू शकतं, आजी. तुमचा पाय चुकत नाही असं सगळे सांगतात. मला यंत्र तुमच्या पायावर तपासून घ्यायचंय."

 तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण कानिफनाथ शेजारी उभा होता. "काकूचा पाय म्हंजी काय समजलात म्याडम," असं म्हणून त्यानं तिच्यातर्फे होकार देऊनही टाकला. आता त्याच्या तोंडावर काय सांगायचं? 

पहिले दोन-अडीच महिने तिनं "कोरडं" सांगितलं, उन्हाळाच होता. जूनमध्ये पाऊस झाला आणि खरी पंचाईत सुरू झाली. पण म्हातारी वेडी नव्हती. पावसानंतर कानिफनाथ उडदासाठी कुळव घेऊन शेजारच्या आपल्या वावरात शिरला, तेव्हा ती बांधावर शेळी चारायचं निमित्त करून बसली. पहिल्या दिवशी कुळवाच्या लोखंडी फासेला चिखल लपेटला, त्याला परत फिरावं लागलं. पेटीत खालचा आकडा होता पस्तीस. दोन दिवसांनी कुळव साफ निघाला, ढेकळं मऊ फुटली. आकडा होता एकतीस. गोजरबाईनं एकतीस डोक्यात ठेवला. त्यावर असेल तर चिखल, फार खाली गेला तर कोरडं. पहिलीत शिकलेले आकडे साठ वर्षांनी कामाला आले.

मग रोज सकाळचा कार्यक्रम ठरला. चपला बांधावर. वीस पावलं. टाच गोल. मान वर करून आभाळाकडे एक नजर, आणि ती नजर खाली येता येता वाटेत पेटीच्या काचेवर अर्धा क्षण. मग फोन. वाडीतले लोक कौतुकानं बघायचे. ऑगस्टमध्ये स्नेहल आली ती पेढे घेऊनच. "आजी, पाऊस लागल्यापासून सत्तर दिवस, आणि यंत्राशी तुमचा एकदाही फरक नाही! पुण्यात सरांना दाखवलं तर त्यांना खरं वाटेना."

"न वाटू दे," गोजरबाई म्हणाली. पेढा तिनं मोनिकाच्या हातावर ठेवला. शुगर होती ना.

सप्टेंबर सरता सरता उत्तरा नक्षत्राचा पाऊस दोन दिवस धो धो कोसळला. ज्वारीसाठी असाच पाऊस लागतो. या भागात रब्बीला दुसऱ्या पावसाचा भरवसा नाही. जी ओल मातीत आहे तेवढ्यावर पीक काढायचं. वाडीनं बियाणं काढलं, पीरमहंमदनं पेरणी यंत्राला ग्रीस केलं. पेटीतला आकडा चव्वेचाळीसवर होता. मग बेचाळीस. मग एकोणचाळीस. चौथ्या दिवशी छत्तीस. "चिखल," गोजरबाईनं फोनवर सांगितलं, आणि वाडीला सांगितलं, "न्हाई."

पाचव्या दिवशी छत्तीस. "न्हाई."

सहाव्या दिवशी छत्तीस. खर्ड्याकडच्या रानात तिफणी चालू झाल्याचं कुणीतरी सांगत आलं. कानिफनाथ म्हणाला, "काकू, वरनं पांढरी दिसाय लागली जमीन."

"वरनं दिसती. आत हाय चिखल."

"व्हय," कानिफनाथ म्हणाला आणि गेला.

सातव्या दिवशी पीरमहंमद दोन गावांच्या पेरण्या उरकून आला. "तिकडचं समदं झालं, काकू," एवढंच बोलला. गोजरबाईला बांधाकडेला करंगळीएवढी भेग दिसली होती. पण आकडा छत्तीस होता. चार महिने ज्या आकड्यानं लाज राखली, त्याच्यावर आता संशय घ्यायचा म्हणजे बेइमानीच, असं तिला वाटलं. तिनं भेगेवर पदराचा झटका मारल्यासारखं केलं आणि पुढं झाली.

आठव्या दिवशी सकाळी तिनं "चिखल" म्हणून सांगितलं आणि ती फोन ठेवणार, तेवढ्यात स्नेहल बोलायला लागली. "आजी, बरं झालं तुम्ही आहात. मी तर घाबरलेच होते. पाच दिवस आकडा हललाच नाही. उंदरानं वायर कुरतडली की असंच होतं, शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. गाडी काढून निघणारच होते. पण तुम्हीही रोज चिखलच सांगताय, म्हणजे यंत्र बरोबर आहे. तुमचा पाय आहे म्हणून मी निवांत."

 फोन बंद झाला तरी तिनं तो कानालाच धरून ठेवला होता. म्हणजे ही बाई यंत्रावर विसंबली ती पायाच्या भरवशावर, आणि पाय तर यंत्रावरच उभा होता! आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरला होता, आणि मागं सगळी बोरखडी बियाण्याची पोती घेऊन रांगेत उभी होती.

ती तशीच तारेच्या आत गेली. खांबाच्या बुडाशी माती उकरलेली होती, उंदराचं ताजं बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी काळ्या वायरीचे तुकडे. खालचा आकडा छत्तीस. मग तिनं पहिल्यांदाच वरच्या आकड्याकडे नीट बघितलं. पाऊस उघडल्यावर भर दुपारीसुद्धा तो तिसाच्या वर गेला नव्हता. आज अजून अकरा वाजायचे होते आणि तो चौतीस दाखवत होता. आभाळ तेच, ऊनही तेच. मग हवा एवढी तापली कशानं? माठ झिरपायचा थांबला होता. तिला एकेक आठवायला लागलं. तीन सकाळी झाल्या, गवतावर दव नव्हतं. ओठ फुटायला लागले होते. आणि ती बघत असतानाच कानिफनाथच्या वावरातून एक वावटळ उठली, धूळ-पाचोळा गरगरत घेऊन बांध ओलांडून गेली. ओल्या रानातून वावटळ उठत नाही, हे सांगायला टाच लागत नाही. तीन दिवस हवा तोंडावर ओरडून सांगत होती आणि ही बया काचेत बघत होती.



आता "आज वाफसा" म्हणून सांगितलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. पण वाफशाला पेरतात ते अडीच बोटं खोल. अडीच बोटांवर आता फुफाटा होता. बी तिथं पडलं असतं तर वाडीची ज्वारीही गेली असती आणि जनावरांचा कडबाही. वाफसा गेला, ओल खाली सरकली, खोल पेरा, असंच सांगायला हवं होतं. आणि तसं सांगितलं की लहान पोरगंही विचारणार, कालपर्यंत चिखल होता तो एका रात्रीत गेला कुठं? काळ्या जमिनीत असं होत नाही. म्हणजे खरं बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि खरं बोलायचं म्हणजे गोजरबाई म्हणून जी कोणी बाई या वाडीत होती, ती आजपासून नाही. तिला रडू आलं. तिथंच खांबाला टेकून ती घटकाभर रडली, मग नाक पुसलं आणि स्नेहलला फोन लावला.

"आजचं लिव्हा, कोरडं. अन् मागचं खोडा."

"मागचं? किती दिवसांचं, आजी?"

"समदं," गोजरबाई म्हणाली. "तुमी या, मंग सांगते."

मग तिनं मोनिकाला हाक मारली आणि समद्यांना कानिफनाथच्या वावरात बोलाव म्हणून सांगितलं. मोनिकानं तिच्या तोंडाकडे बघितलं. तशीच ती घरोघर निघाली.

वाडी आली. माणसं खुशीत होती, आज 'उद्या सकाळी' ऐकायला मिळणार म्हणून. पीरमहंमद ट्रॅक्टर घेऊनच आला होता. गोजरबाईनं या खेपेला चपला काढल्या नाहीत.

"वाफसा गेला," ती म्हणाली.

"कवा?" कानिफनाथनं विचारलं.

"तीन-चार दिस झालं."

"पर काकू, काल तर तुमी टाच फिरवून..."

"टाचंला काय बी कळत न्हाई. दोन वर्सं झाली. शुगर हाय मला. मी त्या पेटीतला आकडा बघून सांगत हुते, अन् त्याची वायर उंदरानं खाल्ली."

 पीरमहंमदनं एकदा खांबाकडे बघितलं, एकदा खाली बिळाकडे.

"म्हंजी आपली पेरनी उंदरावर हुती," तो म्हणाला.

 मागून रंगुबाई, जिची दोन एकर जमीन आणि चार म्हशी होत्या, ती पुढं आली. "अन् मागल्या साली गं?"

"अंदाजानं सांगितलं."

"आमी तुला साडी घेतली की!"

"घडी मोडलेली न्हाई. घिऊन जा." गोजरबाई म्हणाली. "शिव्या द्यायच्या त्या मागनं द्या. म्या ऐकते. पर आत्ता येळ न्हाई. आज दिवसभरात उरका, उद्यापर्यंत आनखी वाळंल. खोल पेरा."

"किती खोल?" कानिफनाथनं विचारलं.

"मला काय इचारतोस? पाय न्हाई ऱ्हायला म्हनून सांगितलं न्हवं."

"पाय कोन मागतंय?" कानिफनाथ एकदम ओरडला. त्याचे डोळे लाल झाले होते. "किती बोटं ते बोला! लई खोल गेलं तर कोंब वर यायचा न्हाई, कमी गेलं तर वाळून जाईल. आमाला काय कळतंय त्यातलं? कवा कळून घेतलंय आमी? आमचं समदं तुमच्यावर. आता रुसून बसता व्हय?"

त्यात माया होती की नाही, सांगता येत नाही. पण साठ घरांत दुसरं विचारावं असं माणूस नव्हतं, हे मात्र खरं होतं. गोजरबाईनं सगळ्यांकडे बघितलं. सगळे तिच्याकडेच बघत होते, चिडलेले, आणि उत्तराची वाट बघत.

"उकर," ती म्हणाली.

कानिफनाथनं खुरपं घेतलं. दोन बोटं माती काढली. गोजरबाईनं हात घातला. बोटांना मुंग्या, तिथंही धड काही लागेना. शुगरनं हातही सोडले नव्हते.  मग गुडघे टेकले, दोन्ही हात टेकले, आणि भर दुपारी अख्ख्या वाडीसमोर त्या खड्ड्यात गाल ठेवून आडवी झाली.

"आत्या!" मोनिका धावली.

"लांब ऱ्हा." डोळे मिटूनच ती बोलली. "गरम हाय. आनखी उकर."

तीन बोटं. तिनं पुन्हा गाल टेकवला. बराच वेळ ती हलली नाही. ट्रॅक्टर धडधडत होता, तो पीरमहंमदनं आपणहून बंद केला. "कोमट," ती म्हणाली. "आनखी."

कानिफनाथनं आणखी एक बोट माती काढली, आता हळू, बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी. गोजरबाईनं गाल ठेवला.  सत्तरीची म्हातारी, पदर धुळीत पडलेला, चपला पायात तशाच, आणि तोंडावर काहीतरी असं आलं की रंगुबाईनं मान वळवली.

"चार," ती म्हणाली. "चार बोटं. ढेकूळ दाबून घ्या वरनं."

"चार!" कानिफनाथ ओरडला. पीरमहंमदनं ट्रॅक्टर चालू केला आणि उतरून यंत्राचे फण खाली घ्यायला बसला. बायकांनी पोती उचलली.  दोन मिनिटांत वावरात गोजरबाई आणि मोनिकाच राहिल्या, आणि पलीकडच्या तासाला पहिली ओळ पडायला लागली.

गोजरबाईला आपणहून उठता येईना. मोनिकानं काखेत हात घालून तिला बसवलं. अर्धा चेहरा काळ्या मातीनं माखला होता, कानाच्या पाळीपर्यंत. मोनिकानं पदराचं टोक ओलं केलं आणि पुसायला हात पुढं केला.

गोजरबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "अजून गार लागतंय."